मदत हवी आहे: कामावर विश्वासाबद्दल बोलायचंच नाही का?
जय ख्रिस्त सगळ्यांना. मी खानापूरचा, बेळगावात कारखान्यात कामाला. येशूवर विश्वास आहे हे कधी लपवलं नाही, कुणी विचारलं तर सांगतो, कुणाच्या घरी आजारपण असलं तर त्यांना विचारून प्रार्थना करतो, बस्स. आता सुपरवायझर म्हणतात इथं तोंड बंद ठेव, आणि काका म्हणतात कर्नाटकाच्या 2022 च्या धर्मांतराच्या कायद्यात सोबत काम करणारा पण कंप्लेंट देऊ शकतो. पण संविधानात कलम 25 आहे ना, धर्म पाळायचा आणि सांगायचा पण हक्क आहे! बायबलमध्ये येशूचे शिष्य पेत्र-योहान यांना पण गप्प बसा म्हणून दम दिला होता, ते बसले नाहीत. मला भांडण नकोय, पण विचारल्यावर गप्प राहणं जमणार नाही. नुसती साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव, सांगितली तर केस होते का? निपाणी, चिकोडी, बेळगावचे कुणी वकील किंवा पाळक (चर्चचे पास्टर) असतील तर प्लीज सांगा.