सव्हाना, जॉर्जिया : तिथे वाढलेले लोक पाहुण्यांना कुठे नेतात?

प्रश्न : मुक्काम_अटलांटा

मार्चच्या अखेरीस मी, पत्नी आणि पुण्याहून आलेली माझी आई असे तिघे अटलांटाहून गाडीने सव्हानाला जाणार आहोत. मुक्काम दोन रात्रींचा आहे. पर्यटनाच्या संकेतस्थळांवरील याद्या वाचून झाल्या, पण त्या एकमेकींच्या नकला वाटतात. त्या गावात लहानाचे मोठे झालेले कोणी इथे असतील, तर घरी आलेल्या पाहुण्यांना ते कुठे नेत असत, हे कृपया सांगावे. आईने सत्तरी ओलांडली आहे. ती शाकाहारी आहे आणि सावकाश चालते, मात्र खोलीत बसून राहणे तिला मुळीच मानवत नाही.

उत्तर : खाडीकाठची

माझे सगळे शालेय शिक्षण सव्हानात झाले. आता मी उत्तरेत, बर्फाच्या प्रदेशात राहते, त्यामुळे पुढील मजकुरात थोडा पक्षपात आढळला तर समजून घ्यावे.

आपल्या आईंसाठी हे गाव अगदी योग्य आहे, आणि त्याचे श्रेय १७३३ मध्ये वसाहत स्थापन करणाऱ्या जेम्स ओगलथॉर्प यांच्या आखणीला जाते. त्यांनी घरांच्या प्रत्येक समूहाच्या मधोमध एक मोकळा चौक ठेवला. पुढे असे चोवीस चौक झाले आणि त्यांपैकी बावीस आजही आहेत. दोन-तीन मिनिटे चालले की पुढचा चौक येतो, तिथे ओक वृक्षांची सावली असते आणि बसायला बाक असतो. बुल स्ट्रीटवरील जॉन्सन चौकातून निघावे आणि राइट, चिपेवा, मॅडिसन व मॉन्टेरे या चौकांतून थांबत थांबत फॉर्सिथ पार्कपर्यंत जावे. अंतर दीड किलोमीटरच्या आसपास आहे, पण आम्ही पाहुण्यांना घेऊन निघालो की त्यात अख्खी सकाळ जात असे. राइट चौकातील मोठ्या शिळेपाशी अवश्य थांबा. ओगलथॉर्प यांना इथे वसू देणारे, यामाक्रॉ या मूलनिवासी जमातीचे प्रमुख टोमोचिची यांचे ते स्मारक आहे. फॉर्सिथ पार्कमधील पांढरे कारंजे १८५८ चे असून त्याचे छायाचित्र प्रत्येक जण काढतोच. आपणही काढाल.

झाडांवरून करड्या जटांसारखे जे लोंबते त्याला स्पॅनिश मॉस म्हणतात. ते बांडगूळ नव्हे, अननसाच्या कुळातील वनस्पती आहे. हवेतील ओलावा आणि पावसाचे पाणी शोषून जगते. एके काळी ते वाळवून गाद्यांत भरत असत. जमिनीवर पडलेले मॉस मात्र मुलांनी उचलू नये, अशी आमच्याकडे ताकीद असे, कारण त्यात चावणारे बारीक किडे असतात.

दुसऱ्या दिवशी बोनाव्हेंचर स्मशानभूमीत जा. पाहुण्यांना स्मशानात काय न्यायचे, असे माझ्या आईलाही सुरुवातीला वाटे, पण पुढे तीच सर्वांना आग्रहाने तिथे नेऊ लागली. विल्मिंग्टन नदीच्या उंच काठावर जुन्या ओकांच्या रांगांत ती वसली आहे आणि आतल्या रस्त्यांवर गाडी नेता येते. कवी कॉनराड एकन यांची समाधी बाकाच्या आकाराची आहे. येणाऱ्याने तिथे निवांत बसावे, अशी त्यांचीच इच्छा होती. दारे सायंकाळी पाच वाजता बंद होतात, म्हणून दुपारच्या जेवणानंतर लगेच निघावे.

वाऱ्याची दिशा बदलली की कागदाच्या कारखान्याचा, सडक्या अंड्यासारखा वास गावभर पसरत असे. नवखे नाक मुरडत. मला तो आजही घरचाच वाटतो.

उत्तर : जुनी_पाटी

खाडीकाठची यांनी सुचवलेला मार्ग उत्तम आहे, पण या गावाची अर्धी आठवण त्यात आलेली नाही. मी तिथे सहा-सात वर्षे शिकवत होतो. ओगलथॉर्प यांच्या वसाहतीत आरंभी गुलामगिरीला बंदी होती. १७५१ पासून ती बंदी उठली. त्यानंतर इथे जे वैभव उभे राहिले, ते भात आणि कापूस पिकवणाऱ्या गुलामांच्या कष्टांवर. १८५९ च्या मार्चमध्ये गावाबाहेरील घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दोन दिवसांत चारशेहून अधिक माणसांचा लिलाव झाला. त्याच वर्षी फ्रँकलिन चौकातील फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्चची वास्तू पूर्ण झाली. ती तिथल्या कृष्णवर्णीय भाविकांनी, त्यांतील अनेकांनी दिवसभर मालकाचे काम केल्यावर, स्वतःच्या हातांनी बांधली. खालच्या दालनाच्या लाकडी जमिनीला ठरावीक नक्षीत पाडलेली भोके आहेत. पळून आलेले गुलाम खाली लपत आणि ही भोके त्यांच्यासाठी हवेची वाट होती, असे तिथले वाटाडे सांगतात. लाकडाशी वाकून ती भोके पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

वेळ उरल्यास शहराच्या दक्षिणेला, खाडीकाठी असलेल्या पिन पॉइंट वस्तीतील संग्रहालय पाहा. गुलामगिरी संपल्यानंतर स्वतंत्र झालेल्या, आफ्रिकी वंशाच्या गीची समाजाने ही वस्ती वसवली. संग्रहालयाच्या इमारतीत १९८५ पर्यंत कालवे आणि खेकडे डबाबंद करण्याचा कारखाना होता. ते रोज उघडे नसते. वार आधी पाहून घ्यावा.

आणखी एक गोष्ट. आज जे जुने घर आपण कौतुकाने पाहतो, ते आपोआप टिकलेले नाही. १९५४ मध्ये एलिस चौकातील जुनी मंडई पाडून तिथे मोटारी उभ्या करण्यासाठी इमारत उभारली. डेव्हनपोर्ट हाउस या जुन्या घरावरही तीच वेळ आली, तेव्हा १९५५ मध्ये सात स्त्रियांनी संस्था काढून ते वाचवले. पुढे मोटारींची ती इमारतही पाडली गेली आणि २०१० मध्ये एलिस चौक पुन्हा खुला झाला.

उत्तर : शेंगावाला

खाण्याविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. दक्षिणेत भाजी म्हटली म्हणजे ती शाकाहारी असेलच असे नाही. कॉलर्डचा पाला आणि वालासारख्या शेंगा बहुधा डुकराच्या मांसाचा तुकडा घालून शिजवतात, त्यामुळे प्रत्येक पदार्थाविषयी विचारूनच घ्यावे. मक्याच्या कण्यांचे ग्रिट्स, मक्याचा पाव आणि कच्च्या टोमॅटोचे तळलेले काप आईंना आवडू शकतील, पण पावात आणि तळणीत चरबी नाही ना, याची खात्री करून घ्यावी. भेंडी तर सगळीकडे मिळते. रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर मिठाच्या पाण्यात तासन्‌तास उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा मिळतात. टरफल दाबले की खारट पाणी बोटांवरून मनगटापर्यंत ओघळते. एक पिशवी गाडीत ठेवाच, सोबत जुना टॉवेलही ठेवा.

रिव्हर स्ट्रीटविषयी मात्र माझे मत जरा वेगळे आहे. तिथली दुकाने सामान्य आहेत आणि दगडी फरसबंदी वयस्कर पायांना त्रासाची आहे. परंतु नदी अरुंद असल्यामुळे बंदराकडे जाणारी अवाढव्य कंटेनर जहाजे काठावरील माणसापासून इतक्या जवळून सरकतात, की समोरचा किनाराच दिसेनासा होतो. पलीकडे नेणारी लहान फेरीबोट विनामूल्य आहे. तिच्यात बसून जहाज पाहावे आणि दुकानांकडे फिरकू नये.

प्रश्नकर्ता : मुक्काम_अटलांटा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. टायबी बेटाचा समुद्रकिनारा या दोन दिवसांत बसवावा का? मार्चच्या अखेरीस डासांचा त्रास होतो का?

उत्तर : खाडीकाठची

डासांपेक्षा तिथल्या वाळूमाश्या वाईट. त्या डोळ्यांना दिसतही नाहीत, आणि वसंत ऋतू हा त्यांचा ऐन हंगाम. आईंना लांब बाह्यांचे कपडे घालायला सांगा आणि वारा पडलेल्या वेळी पाण्याकाठी थांबू नका. टायबीला अर्ध्या तासात पोहोचता येते, पण तिकडे जाणारा एकमेव रस्ता खाजणातून जातो आणि मोठ्या भरतीला त्यावर पाणी येते, म्हणून भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहूनच निघावे. दीपगृहाला १७८ पायऱ्या आहेत. आपण दोघांनी वर जाऊन या, आई खाली बसतील. जुनी_पाटी यांनी सांगितलेले चर्च आणि टायबी यांत एकच शक्य असेल, तर चर्च निवडा.