लांडगा कोण, हे माहीत असूनही

'ग्रिम' या अमेरिकन टीव्ही मालिकेच्या पहिल्या भागाबद्दल (ऑक्टोबर २०११) काही जण म्हणतात की तो ज्यावर बेतलाय ती लाल टोपीवालीची गोष्ट सगळ्यांनाच पाठ, मग त्यात रहस्य ते काय उरणार? मला हे अजिबात पटत नाही. लांडगा आहे हे आपल्याला कळलेलं असतं, पण त्याला पकडायचं पोलिसी कामानेच. आणि तिथेच हा भाग जिंकतो.

तो प्रसंग आठवा. निक आणि हँक हे दोघे पोलीस डिटेक्टिव्ह संशयित पोस्टमनच्या घराची झडती घेऊन रिकाम्या हाताने गाडीकडे परत निघालेत. हँक नकळत एक गाणं गुणगुणतो आणि एकदम थबकतो. हीच धून तो पोस्टमन मघाशी गुणगुणत होता, आणि जंगलात बळी पडलेल्या मुलीच्या आयपॉडवरही हेच गाणं वाजत होतं! माणसांच्या रूपात वावरणाऱ्या प्राण्यांचे फक्त निकला दिसणारे ते अक्राळविक्राळ चेहरे कोर्टात पुरावा म्हणून कोण मान्य करणार? इथे धागा लागतो तो हँकला, ज्याला त्या अद्भुत जगाची कल्पनाही नाही. मला तर हे लेखन फार म्हणजे फारच आवडलं.

आणि मन्रो! आहार, औषधं आणि पिलाटे हा व्यायाम यांच्या जोरावर स्वतःतला लांडगा काबूत ठेवणारा, घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. अभिनेता सायलस वेअर मिचेलने तो इतक्या मायेने उभा केलाय की मी सहाही सीझन, सगळे १२३ भाग, मुख्यतः त्याच्यासाठी पाहिले.

मालिका जिथे घडते त्या अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराची ती ओली, गर्द झाडीही खरीच आहे, चित्रीकरण तिथलंच. पहिल्या भागावरून मालिका सोडू नका, प्लीज.