हौशी बेसवाल्याला कॅब हवाच कशाला?

थेट_मिक्सर
हौशी बेसिस्टने, म्हणजे बेस गिटार वाजवणाऱ्याने, अँप (आवाज वाढवणारं यंत्र) आणि कॅब (स्पीकरचा खोका) विकत घेणं ही शुद्ध चैन आहे. एक बरं प्रीअँप पेडल (टोन घडवणारी पायाजवळची डबी) घ्या, डीआयमधून, म्हणजे बेस थेट मिक्सरला जोडणाऱ्या डबीतून, मिक्सरला जा, कानात इन-इअर (स्वतःचा आवाज ऐकायचे इअरफोन) घाला, विषय संपला. खोके उचलून फिरणारी मंडळी अजून १९७० मध्येच राहतात. पटत नसेल तर कारणं द्या, भावना नकोत.

मंद्रसप्तक
कारणं हवीत ना? घ्या.
‘मिक्सरला जा’ इतक्या सहज लिहिलंत, म्हणजे तुम्ही कायम भरपूर सामान असलेल्या साउंडवाल्यांबरोबरच वाजवलेलं दिसतंय. आमच्या सोसायटीच्या गणपतीत अख्खा कार्यक्रम दोन टॉपवर, म्हणजे प्रेक्षकांकडे तोंड केलेल्या दोन मुख्य स्पीकरवर, निघतो. सब (फक्त खालच्या स्वरांचा मोठा स्पीकर) वगैरे नावाला नाही. त्या दोन टॉपमधून निवेदक, ढोलकी, कीबोर्ड, दोन गायक आणि उरलेल्या जागेत माझा बेस. फोल्डबॅक (वादकांकडे वळवलेला स्पीकर) एकच, तोही गायकाच्या पायाशी. ड्रमर बिचारा माझ्या बोटांकडे बघून अंदाजाने किक मारायचा. इन-इअर म्हणाल तर त्यासाठी मिक्सरवर मोकळा ऑक्स (वेगळा आवाज बाहेर काढायची वाट) लागतो, तो मागितला की साउंडवाला आपल्याकडे असा बघतो की पुढचं बोलणंच खुंटतं.
आता ड्रमरच्या हाय-हॅटशेजारी १x१२ चा, म्हणजे बारा इंची एका स्पीकरचा, कॅब ठेवतो. आवाज बेताचाच, पण किक आणि बेस एकत्र पडायला लागले.
आणि १९७० चं म्हणाल तर ते ८x१० चं धूड आणि १९६९ सालचं अँपेग एसव्हीटी, ३०० वॅटचं ट्यूब हेड (कॅबपासून सुटं अँप), हे इथे कोण हौशी माणूस बाळगतो? निओडिमियम मॅग्नेटचा कॅब आज एका हातात उचलता येतो, क्लास-डी हेड गिगबॅगच्या खिशात जातं. जुनी झालीय ती तुमची माहिती, माझं सामान नव्हे.

थेट_मिक्सर
भावना नकोत म्हटलं होतं, तर थेट ड्रमरची करुण कहाणी आली. असो.
मोकळा ई, म्हणजे बेसच्या सगळ्यात जाड तारेचा स्वर, ४१ हर्ट्झचा. तुमच्या १x१२ मधून तो धड येतो का? तुम्ही ज्याला धूड म्हणताय तो ८x१० सुद्धा ६० च्या खाली ढेपाळतो. आपल्या कानाला जाणवतो तो त्याच्या एक सप्तक वरचा, ८२ हर्ट्झचा. तो टॉपमधूनही येतो. उलट स्टेजवरचा बेस चारही बाजूंना पसरतो, गायकाच्या माइकात शिरतो, आणि साउंडवाला वैतागून मिक्सरवर तुमचा चॅनलच खाली ओढतो. मग बसा दोघे ड्रमरशेजारी, एकमेकांना ऐकत.

कल्याण_स्लो
मध्येच विचारतो, राग नसावा. माझ्याकडे ५०० वॅटचं हेड आहे, ८ ओहमचा एक २x१०. गिटारवाल्यापुढे ऐकूच येत नाही. ८०० चं घ्यावं का?

ओहमकाका
नको! ५०० चे ८०० केलेस तर जेमतेम २ डेसिबल वाढतात. मुळात तुझे ५०० हे ४ ओहमवरचे (ओहम म्हणजे कॅबचा विजेला होणारा अडथळा). एका ८ ओहमच्या कॅबवर त्यातले साधारण निम्मेच मिळतात. तसाच दुसरा कॅब जोडलास तर दोन्ही मिळून ४ ओहम होतात आणि ६ डेसिबलपर्यंत फरक पडेल, त्याच हेडवर. पण दुकानदार हे सांगणार नाही, त्याला वॅट विकायचे असतात. वर्षानुवर्षं हेच चाललंय. पाटीवर आकडा मोठा, खाली ओहम बारीक अक्षरात. ट्यूब हेड कॅब न जोडता चालू करून ट्रान्सफॉर्मर जाळलेले महाभागही पाहिलेत मी, त्यांनाही दुकानात कोणी बोललं नव्हतं.
खर्च करायच्या आधी मिड, म्हणजे मधले स्वर, वाढव. घरी एकट्याने वाजवताना मिड कापलेला बेस गोड लागतो, बँडमध्ये तोच गायब होतो. आणि तारा बदल. मेलेल्या तारांवर कितीही वॅट ओत, चिखलच येणार.

फ्लॅटवाउंडी
तारा कशाला बदलायच्या? मोटाऊन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसिस्ट जेम्स जेमर्सन, त्याच्या १९६२ च्या प्रिसिजन बेसवर फ्लॅटवाउंड (चपट्या, गुळगुळीत वेढ्यांच्या) तारा होत्या, तुटल्याशिवाय तो बदलत नसे म्हणतात. मोटाऊनची कितीतरी गाणी त्याच तारांवर झाली. पण आमच्या काकांना चकचकाट हवा!

ओहमकाका
जेमर्सनचं एक बोट आणून दे, मग मीही बदलत नाही. तो कल्याणचा मुलगा राउंडवाउंड (गोल, खरखरीत वेढ्यांच्या) तारा वाजवतोय. त्यांच्या वेटोळ्यांत घाम आणि मळ बसला की वरचे स्वर मरतात.

मडगांवकर
आमच्याकडे समुद्राची हवा. लग्नांच्या सीझनमध्ये महिनाभरात तारा काळ्या पडतात. सेट दोन-अडीच हजारांचा, कुठे परवडतो दरवेळी? मी उकळतो. पातेल्यात पाच-सात मिनिटं, मग पुसून पंख्याखाली खडखडीत वाळवायच्या. पाण्यावर करडा तवंग येतो ना, तो तुमचा हरवलेला ट्रेबल. आईने ते पातेलं परत स्वयंपाकाला घेतलं नाही, ते सोडा.

फ्लॅटवाउंडी
तारा उकळून खाणारी जमात प्रथमच बघितली.

मडगांवकर
तुम्ही नका उकळू. तुमच्या तारांना आवाजच नाही, जाणार काय?

फ्लॅटवाउंडी
आवाज नाही? लग्नात पाहुणे जेवत असताना वाजवणाऱ्याने टोनवर बोलू नये.

मडगांवकर
जेवतात, नाचतात आणि पैसेही देतात. तुम्हाला शेवटचे कोणी दिले होते?

कल्याण_स्लो
उकळलेल्या किती दिवस टिकतात?

ओहमकाका
थोडेच दिवस. मळ निघतो, ताणलेली तार काही नवी होत नाही. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीपुरतं ठीक आहे. आणि काढ-घाल करताना ट्यूनिंग पोस्टवर जिथे वाकते तिथेच तुटते, एक जादाची ठेव.

थेट_मिक्सर
जेमर्सनचं नाव निघालंच आहे तर: मोटाऊनच्या स्टुडिओत तो थेट कन्सोलला (स्टुडिओतल्या मिक्सरला) जोडूनच वाजवायचा. कॅब नाही, काही नाही. एवढं सांगून मी थांबतो.

मंद्रसप्तक
थांबू नका, अर्धवट सांगितलंत. क्लबात जाताना तो अँपेग बी-१५ घेऊन जायचा, १५ इंची स्पीकरचा. स्टुडिओत दार लावून इंजिनिअर बसतो. माझ्या मांडवात मंडळाचा खजिनदार बसतो, मिक्सरशेजारीच, आणि ‘ते धुम्म धुम्म कमी करा’ म्हणतो. तो आवाज माझाच आहे हे निदान मला तरी ऐकू यायला नको?

थेट_मिक्सर
बरं बाबा. सब नाही, ऑक्स नाही, वर खजिनदार: अशा मांडवात न्या कॅब. पण गायकाच्या माइकापासून लांब ठेवा, आणि खुर्चीवर चढवून कानाकडे वळवा. पोटऱ्यांना बेस ऐकवून काही उपयोग नाही. सब असलेल्या हॉलमध्ये मात्र तुमचं ते ‘बेताचाच’ मी ऐकून घेणार नाही.

मंद्रसप्तक
खुर्चीवरच ठेवतो. खुर्ची मंडळाची असते, कार्यक्रम अर्ध्यावर आला की कोणीतरी बसायला मागून नेतो.

कल्याण_स्लो
उकळायला टाकल्या. टोकांचं लाल रेशीम सुटून पाणी गुलाबी झालंय. हे चालतं का?

मडगांवकर
चालतं. आई घरी यायच्या आत पातेलं घास.