मदत हवी आहे : मोठ्यांच्या वर्गातल्या चार बायका गप्प झाल्या आणि मग यायच्याच बंद झाल्या

घाटावरची

नमस्कार मंडळी. इथे पहिल्यांदाच धागा काढते आहे. लांबला तर सांभाळून घ्या.

मी सांगलीला गावभागात राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत बरीच वर्षं शिकवून निवृत्त झाले. आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाची तळमजल्यावर एक खोली आहे. वर्षातले अकरा महिने तिथे मांडवाचे बांबू आणि आरासाचं सामान पडून असायचं. दिवाळीनंतर मंडळाच्या पोरांनी ती झाडून-पुसून मोकळी करून दिली. भिंतीला रंगही दिला, पण २०१९ च्या पुराची रेघ त्या रंगातूनही पुन्हा वर आली आहे. असो.

तिथे आम्ही आठवड्यातून चार दुपारी, तीन ते साडेचार, वर्ग भरवतो. पन्नाशीच्या पुढचं कुणीही यावं. सोमवारी चित्रं, मंगळवारी नाच, बुधवारी प्राणायाम आणि हलके व्यायाम, गुरुवारी चालू घडामोडी. फी नाही. चहासाठी दहा रुपये डब्यात टाकायचे, तेही जमेल त्याने. पंचवीस-तीस जण येतात, त्यात बायका जास्त.

सोमवारचं फार छान चाललं आहे. आम्ही वारलीपासून सुरुवात केली, कारण गोल, त्रिकोण आणि चौकोन आला की माणूस, डोंगर, झाड सगळं काढता येतं. एक आजी पहिल्या दिवशी ‘मला चित्र येत नाही’ म्हणून पेन्सिलच हातात घेईनात. त्यांच्यापुढे खडू ठेवला आणि म्हटलं, बरं, रांगोळी काढा. त्यांनी फरशीवर पंधरा ते आठ ठिपके असे टाकले की पट्टीने मोजून टाकावेत. एकही ठिपका रांगेबाहेर नाही. वय अठ्ठ्याहत्तर. आता त्याच बाकीच्यांना हात स्थिर कसा ठेवायचा ते दाखवतात, करंगळी टेकवून.

माझी अडचण गुरुवारची आहे. सुरुवातीला मी चार वर्तमानपत्रं आणायची, ती फिरवायची, ज्याला जी बातमी महत्त्वाची वाटेल ती त्याने वाचून दाखवायची आणि मग सगळ्यांनी बोलायचं. पहिला महिना बरा गेला. मग एक काका, बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, अभ्यासू माणूस, सगळा वेळ तेच बोलू लागले. दुसरे एक त्यांना खोडून काढायचे. आवाज चढायचे. बायका हळूहळू मागच्या सतरंजीवर सरकल्या, मग गप्प झाल्या आणि गेल्या दीड महिन्यात चौघी यायच्याच बंद झाल्या. सोम-मंगळ-बुध येतात. फक्त गुरुवारी येत नाहीत. विचारलं तर ‘पाहुणे होते’, ‘दळण आणायचं होतं’.

काकांना दुखवायचं नाही, त्यांच्यामुळे बरंच कळतं. पण गुरुवार बंद करायला मन तयार नाही. राजकारणाचे विषयच नकोत असा नियम करावा का? बायकांचा वेगळा गट करावा का? कुणी असे वर्ग चालवले असतील तर सांगा.

आणि जाता जाता, मंगळवारी मंगळागौरीचे खेळ घेतो. गुडघे धरतात बऱ्याच जणींचे. त्यावरही कुणी सांगितलं तर बरं होईल.

पेठकर

ताई, फार चांगलं काम करता आहात.

वेगळा गट मुळीच करू नका. एकदा वेगळा केला की पुन्हा एक होत नाही. आमच्याकडे पुण्यात वसंत व्याख्यानमाला आहे, न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली. व्याख्यानाची सवय आपल्याला तिथपासूनची. त्यामुळे चार माणसं जमली की एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, हे आपल्या अंगात मुरलं आहे. काकांची चूक नाही, ते व्याख्यान देतात. तुम्ही चिठ्ठ्या सुरू करा. ज्याला जे विचारायचं ते चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचं, नाव नको. बायका बोलत नसल्या तरी लिहितील.

सांधेजोड

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून आधी मंगळवारचं सांगते.

बसफुगडी आणि कोंबडा साठीच्या पुढच्या गुडघ्यांना अजिबात नको. उकिडवं बसून उड्या मारताना गुडघ्याच्या वाटीवर फार ताण येतो. गाठोडंही नको. ज्यांची हाडं ठिसूळ झाली आहेत त्यांनी पुढे वाकून पीळ देण्याच्या हालचाली टाळायच्या असतात, मणक्याला धोका असतो. झिम्मा आणि पिंगा मात्र खुशाल घ्या. पिंगा संथ लयीत घेतला तर एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन घेण्याचा उत्तम सराव होतो, आणि म्हातारपणी तोलच आधी जातो. जागतिक आरोग्य संघटना पासष्टच्या पुढच्यांना आठवड्यातून तीन किंवा जास्त दिवस तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम सांगते, शिवाय १५० ते ३०० मिनिटं चालण्यासारखी मध्यम हालचाल. तुमचे मंगळवार-बुधवार म्हणजे दोन दिवस झालेच.

प्लास्टिकच्या खुर्च्या वापरत असाल तर त्या भिंतीला टेकवून ठेवा, फरशीवर सरकतात. ज्यांना उभं राहवत नाही त्यांनी खुर्चीत बसून हातांचा झिम्मा खेळायचा. पायांत मोजे नकोत. सुरुवातीला दहा मिनिटं नुसतं जागच्या जागी चालणं. बीपीची गोळी घेणाऱ्यांना खाली वाकून झटकन वर येऊ देऊ नका, चक्कर येते.

गुरुवारबद्दल एकच विचारते. त्या चौघींना घरी जाऊन, एकेकीला, विचारलंत का?

घाटावरची

@पेठकर, चिठ्ठ्यांची कल्पना आवडली, या गुरुवारीच करते.

@सांधेजोड, खूप खूप आभार. बसफुगडी लगेच बंद. घरी जाऊन नाही विचारलं. वर्गातच विचारत होते, सगळ्यांसमोर. जाते.

यारातीर

नमस्कार ताई, मेलबर्नहून लिहिते आहे. मी मूळची कोल्हापूरची, म्हणून सांगली वाचून थांबले.

इथे आम्ही ज्याला यू-थ्री-ए म्हणतो त्यात मी सात वर्षं आहे. युनिव्हर्सिटी ऑफ द थर्ड एज असं लांबलचक नाव, म्हणजे निवृत्त मंडळींचे शिकण्याचे गट. फ्रान्समधल्या तुलूझला १९७३ मध्ये विद्यापीठाच्या आधाराने सुरू झालं. ब्रिटनमध्ये १९८० नंतर पोहोचलं तेव्हा तिथल्या मंडळींनी प्राध्यापक बाजूला ठेवले आणि सभासदांनीच एकमेकांना शिकवायचं ठरवलं. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. इथे मेलबर्नला १९८४ पासून त्याच पद्धतीने चालतं. तुम्ही रांगोळीवाल्या आजींना शिकवायला बसवलंत ना, अगदी तेच.

चालू घडामोडींचा वर्ग आमच्याकडेही असतो आणि तिथेही भांडणं होत होती. आम्ही तीन गोष्टी केल्या. विषय आदल्या आठवड्यात सांगायचा आणि एकच घ्यायचा. गट चालवणारा दर आठवड्याला बदलायचा. आणि सगळ्यात उपयोगी पडलं ते हे की पहिल्या फेरीत मत मांडायचंच नाही. या विषयाचा तुमच्या घराशी काय संबंध आला, एवढंच प्रत्येकाने सांगायचं. मत दुसऱ्या फेरीत. पहिल्या फेरीत कुणी कुणाला खोडू शकत नाही, कारण स्वतःच्या घरात काय झालं ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

राजकारण नको असा नियम करू नका. पाणी, वीज, पेन्शन, सगळ्यातच ते असतं. उरेल काय मग?

माडाखाली

यारातीर यांना अनुमोदन. फोंड्याला आमच्या गटात आम्ही आधी फसवणुकीच्या फोनचा विषय घेतला होता, ‘डिजिटल अरेस्ट’चा, म्हणजे पोलीस असल्याचं सांगून फोनवरच अटकेची भीती घालतात आणि पैसे उकळतात तो. कायद्यात अशी अटकच नाही, आणि पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा, एवढं सगळ्यांच्या तोंडी बसेपर्यंत म्हणून घेतलं. त्या दिवशी एरवी तोंड न उघडणारे तिघे बोलले. एकाला तसा फोन येऊन गेला होता. घरात कुणाला सांगितलं नव्हतं त्यांनी.

सत्तरीच्या पुढच्यांना उत्पन्न कितीही असलं तरी पाच लाखांपर्यंतच्या मोफत उपचारांचं आयुष्मान कार्ड मिळतं, त्यावरही एक दुपार घ्या. आणि तुमच्याकडे एसटीत बायकांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीनंतर सगळ्यांना फुकट. कोण कुठे जाऊन आलं ते विचारा, वेळ पुरणार नाही.

घाटावरची

चार दिवसांनी लिहिते आहे. आधी चिठ्ठ्यांचं सांगते. डब्यात सहा चिठ्ठ्या आल्या, पाच पुरुषांच्या. अक्षर ओळखते मी, जन्म गेला वह्या तपासण्यात.

मग मी त्या चौघींपैकी एकींकडे गेले. हळद दळून आणली होती, ती द्यायचं निमित्त केलं. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. निघताना उंबऱ्यात त्या हळूच म्हणाल्या, ‘बाई, तो पेपर माझ्याकडं यायच्या आत मला घरी जावंसं वाटतं.’

त्यांना वाचता येत नाही. तिसरीतून शाळा सुटली, मग मळ्यात काम, मग लग्न. सही येते, एसटीची पाटी ओळखतात, पण छापलेलं सलग वाचता येत नाही. बाकीच्यांपैकी आणखी एकींचं तसंच आहे, हे त्यांनीच सांगितलं. उरलेल्या दोघी या दोघींबरोबर येतात म्हणून येत होत्या आणि यांच्याबरोबर थांबल्या. काकांच्या आवाजाशी काही संबंध नाही. उलट त्या म्हणाल्या, ते बोलत राहतात तेव्हा बरं असतं, पेपर पुढं सरकत नाही.

मी रात्रभर जागी होते. आयुष्यभर मुलांना वाचायला शिकवलं. समोर बसलेल्या बाईच्या हातात दर गुरुवारी पेपर दिला आणि तिच्या चेहऱ्यावरचं मला दिसलं नाही. आणि वरून चिठ्ठ्या लिहायला सांगितल्या.

आता काय करू? वाचनाचा वर्ग सुरू करायला मी एका पायावर तयार आहे, पण त्यांनी ‘कुणाला सांगू नका’ म्हटलं आहे.

पेठकर

ताई, चिठ्ठ्यांचा सल्ला माझा होता. हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मनापासून वाईट वाटलं.

पेपर फिरवणं बंद करा. पोथी कशी वाचतात? एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात, त्यात कुणाला वाचता येतं आणि कुणाला नाही याचा प्रश्नच येत नाही. तसंच करा. आणि वाचायचं काम त्या काकांना द्या.

वैतरणाकाठी

माझा अनुभव शहापूरकडचा आहे. तुम्हाला मुरबाड तालुक्यातल्या फांगण्याची आजीबाईंची शाळा माहीत असेलच. ८ मार्च २०१६ ला सुरू झाली. गुलाबी लुगडं, पाठीला दप्तर, हातात पाटी. तिथे साठीच्या पुढच्या आज्या उघड शिकल्या, कारण गावातल्या सगळ्याच एकदम बसल्या. एकटीला बोलावलं असतं तर कुणीच आली नसती. तुमच्याकडे दोघीच आहेत, म्हणून जाहीर वर्ग नको. तुम्ही त्यांच्या घरी, स्वयंपाकघरात बसून शिकवा. अ-आ-ई पासून नको. किराणाची यादी, औषधाच्या पाकिटावरचं नाव, नातवंडाचं नाव, इथून सुरू करा. जी अक्षरं रोज डोळ्यांपुढे असतात ती लवकर बसतात. पुढे त्यांना वाटलं तर ‘उल्लास’ या प्रौढ साक्षरतेच्या सरकारी कार्यक्रमात पंधरा वर्षांच्या पुढच्या कुणाचीही नोंद होते आणि शिकवणारे स्वयंसेवक म्हणून तुमचीही. पण ते त्यांना हवं असेल तरच, आणि नंतर.

सांधेजोड

आणि डोळे तपासून घ्या त्यांचे, शिकवायच्या आधी. मोतीबिंदू असेल तर ‘मला जमत नाही’ असंच वाटत राहतं.

घाटावरची

सगळ्यांचे मनापासून आभार. कालचा गुरुवार सांगते.

काकांना आदल्या दिवशी भेटून विचारलं, तुम्ही बातमी वाचून दाखवाल का, तुमचा आवाज खणखणीत आहे. खूश झाले. मोठ्याने वाचून दाखवायची म्हणून त्यांनी घरी दोनदा वाचली. विषय कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाचा घेतला. कर्नाटकाला धरणाची उंची ५१९ मीटरवरून ५२४ पर्यंत न्यायची आहे, आणि आपल्याकडे भीती की फुगवट्याने सांगली-कोल्हापुरात पूर वाढेल. पावसाळा तोंडावर आहे, त्यामुळे सगळ्यांच्या मनात तेच होतं.

चौघी आल्या होत्या. मी दोन दिवस आधी प्रत्येकीला निरोप दिला होता की या वेळी पेपर फिरणार नाही.

काकांनी वाचलं. मग यारातीर ताईंची पहिली फेरी, मत नाही, फक्त घरातलं. २०१९ ला कुणाच्या घरी काय झालं. काकांनी सांगितलं की इथल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर धोक्याची पातळी ४५ फूट आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ च्या वर गेलं. मग मी ज्यांच्याकडे हळद घेऊन गेले होते त्या उठल्या. चार पावलं चालत भिंतीपाशी गेल्या, ती रेघ आहे ना, तिच्या खाली वीतभर अंतरावर बोट टेकवलं आणि म्हणाल्या, ‘दोन हजार पाचला हितं. माझी चूल हितं बुडली. एकोणीसला ह्या रेघेच्या बी वर गेलं हुतं, ही रेघ पाणी वसरताना थांबलं तवाची हाय.’

खोलीत कुणी हललं नाही. ती रेघ म्हणजे पुराची सगळ्यात वरची खूण असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. काका खिशातून डायरी काढून त्यांना विचारू लागले, म्हणजे नक्की किती वर, आणि तेव्हा तुम्ही कुठे होतात, आणि पाणी चढायला किती वेळ लागला. त्यांनी सगळं सांगितलं. घाटाच्या कितव्या पायरीला पाणी लागलं की त्यांच्या सासूबाई भांडी माळ्यावर टाकायला लावायच्या, तेही.

दुसरी फेरी झालीच नाही. साडेपाच वाजले. काकांनी विचारलं, पुढच्या गुरुवारी हाच विषय पुढे घेऊ का, ते घाटाच्या पायऱ्या मोजून येतील.

घरचं वाचन सोमवारपासून सुरू करते आहे, सकाळी अकराला, त्यांचा स्वयंपाक आटोपल्यावर. डोळे शनिवारी दाखवणार. पहिल्या दिवशी कुठला शब्द घेऊ ते मी त्यांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, ‘आयर्विन’. जोडाक्षर आहे, रफार आहे, पहिल्याच दिवशी अवघड जाईल. तरी तोच घेणार आहे. रफार सोपा करून शिकवायची कुणाची काही युक्ती असेल तर सोमवारच्या आत नक्की लिहा.