मदत हवी आहे: गावी अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचा कॅथेटर (लघवीची नळी) घरी येऊन कोण बदलेल?

वडील ८१ वर्षांचे, पक्षाघातानंतर दीड वर्ष अंथरुणात. घर संगमेश्वर तालुक्यात, मुख्य रस्त्यापासून बरंच आत. सोबत फक्त आई, वय ७६. तिला त्यांना उचलणं शक्य नाही. मी पुण्यात असतो.

गेल्या महिन्यात रात्री कॅथेटर तुंबला, पोट फुगलं. १०८ ला फोन केला, गाडी आली, ग्रामीण रुग्णालयात दहा मिनिटांत नळी बदलली. पण परत घरी सोडणं १०८ च्या कामात बसत नाही. पहाटे खासगी गाडीचे १,८०० रुपये गेले, शिवाय पाठीच्या जखमेला धक्के बसले ते वेगळेच.

आशाताई नियमित येतात, बीपी बघतात, पण कॅथेटर त्यांचं काम नाही. उपकेंद्रातल्या सिस्टर 'पुरुषांचा आम्ही बदलत नाही' म्हणतात. रत्नागिरीतल्या दोन नर्सिंग ब्युरोंनी अंतर ऐकूनच नकार दिला. पुण्याला आणा, हे कृपया सुचवू नका. वडील तयार नाहीत.

वृद्धांच्या आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात गृहभेटीची तरतूद आहे. ती प्रत्यक्षात कुणाला मिळाली आहे का? अर्ज प्राथमिक आरोग्य केंद्रात द्यायचा, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे, की थेट जिल्हा रुग्णालयात? आणि सिलिकॉनचा कॅथेटर घातला तर बदलण्याच्या खेपा खरंच कमी होतात का?