ब्लॅक क्रोम काळं येईना, राखाडी येतंय. अर्जंट मदत हवी

उद्यमबागचा_प्लेटर: सोलर हीटरच्या तांब्याच्या पट्ट्यांचं काम घेतलंय. 60 नग, सोमवारी द्यायचेत. खाली ब्राइट निकेल आरशासारखं बसतंय. वर ब्लॅक क्रोम (ऊन शोषणारा क्रोमचा काळा थर) चढवलं की मध्ये राखाडी, कडेला तपकिरी. कडेवरून बोट फिरवलं तर काजळीसारखं हाताला लागतंय. क्रोमिक ॲसिड लिटरला 250 ग्रॅम, बरोबर आहे. काय वाढवू? लवकर सांगा.

चिक्कोडीकर: टेंपरेचर? करंट? पट्टी केवढी? रेसिपी विचारताय आणि चूल पेटलीय का ते सांगत नाही.

निपाणी_वायरमन: कशाला त्या भानगडीत पडताय? मॅट काळा रंग मारा. आमच्या गच्चीवर पाच वर्षं रंगावरच चाललंय.

चिक्कोडीकर: रंगही 95 टक्के ऊन घेतो, कबूल. पण तापला की तेवढ्याच जोरानं उष्णता सोडतो. त्याची उत्सर्जकता, म्हणजे उष्णता सोडायचं प्रमाण, 0.9, ब्लॅक क्रोमची 0.1च्या आसपास. त्यासाठीच तर खाली निकेल.

निपाणी_वायरमन: आमच्या बादलीला ते पॉइंट समजत नाहीत.

जुना_वाचक: ऊन घ्यायचं पण उष्णता सोडायची नाही, ही करामत इस्रायलचे शास्त्रज्ञ हॅरी टेबर यांची, 1955 सालची. काळं निकेलच करा की, सोपं आहे.

खानापूरची_सून: काळं निकेल ओलीला टिकत नाही हो. आमच्याकडं पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते!

उद्यमबागचा_प्लेटर: टेंपरेचर 50. पट्टी 1.9 मीटर बाय 12 सेंटीमीटर. रेक्टिफायर (डीसी करंट देणारं यंत्र) 500 अँपिअर. टाकी हार्ड क्रोमचीच (शाफ्टवर जाड, कडक क्रोम चढवायची), 300 लिटर.

चिक्कोडीकर: अहो, हे आधी सांगायचं की! हार्ड क्रोमच्या टाकीत सल्फ्युरिक असतं, लिटरला अडीच ग्रॅम. ब्लॅक क्रोमला तेच विष. बेरियम कार्बोनेटनं सल्फेट खाली बसवा. एका ग्रॅमला दोन ग्रॅम लागतं, म्हणजे तुम्हाला दीड किलो. थोडं थोडं टाका, फसफसतं. रात्रभर बसू द्या, वरचं गाळून घ्या. टेंपरेचर 25च्या खाली. बर्फ टाकीबाहेर लावा, आत टाकू नका.
आणि करंट: पट्टीची एक बाजू जवळपास 23 चौरस डेसिमीटर. चौरस डेसिमीटरला 20 अँपिअर धरलं तरी 460 लागतात. दोन्ही बाजू एकदम केल्या तर तुमचा रेक्टिफायर निम्म्यालाच पुरेल. मागची बाजू टेपनं झाका.

उद्यमबागचा_प्लेटर: मग हार्ड क्रोमच्या जॉबना काय करू? शाफ्ट पण सोमवारीच द्यायचेत.

चिक्कोडीकर: दुसरी टाकी. आणि पाणी बोअरचं घालताय काय?

उद्यमबागचा_प्लेटर: होय. का?

चिक्कोडीकर: त्यात पण सल्फेट, क्लोराइड असतंय की मर्दा! डीएम (क्षार काढलेलं) पाणी आणा. आणि एक्झॉस्ट चालू ठेवा, त्या वाफेनं नाकाच्या पडद्याला भोक पडतं.

निपाणी_वायरमन: बोअरच्या पाण्यानं सोलरचे पाइप चोंदतात, त्यावर सायट्रिक ॲसिड. एक नंबर उपाय.

उद्यमबागचा_प्लेटर: ते कुणी विचारलं? रविवारी बेरियम कुठं मिळेल ते सांगा.