फातोर्डा आणि कोलकात्याचे आकडे

कोलकात्याच्या गर्दीशी तुलना करून गोव्यात फुटबॉलचं वेड ओसरलं म्हणताय, ते अजिबात पटलं नाही. अहो, १९९७ च्या फेडरेशन कप सेमीफायनलला, ईस्ट बंगाल-मोहन बागान या कोलकात्याच्या क्लबांच्या लढतीला, तिथल्या सॉल्ट लेक स्टेडियमवर १ लाख ३१ हजार माणूस होता आणि आमच्या मडगावच्या फातोर्डा स्टेडियमची क्षमताच जेमतेम १९ हजार, त्यात अख्ख्या गोव्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाख! इंग्लंडच्या बोर्नमथ क्लबचं मैदान ११ हजारांचं, प्रीमियर लीगला खच्चून भरतं, त्याला जर्मनीतल्या डॉर्टमुंडच्या ८१ हजारांशी कोण तोलतं? सरासरी प्रेक्षकसंख्या सोडा, खुर्च्या किती टक्के भरल्या ते बघा. शिवाय भातकापणी झाली की आमच्याकडे शेतातच गावागावांच्या मॅचेस रंगतात, तिथे बांधावर दाटीवाटीने उभी राहणारी माणसं कुठल्या तक्त्यात धरणार?